वर्कशॉपसाठी माणूस हवा आहे? ऑनलाइन जाहिरात अशी लिहा

"पाहिजेत. नामांकित कंपनीत सीएनसी ऑपरेटर. आकर्षक पगार. अनुभवी उमेदवारांना प्राधान्य. त्वरित संपर्क करा."

भोसरी एमआयडीसीतल्या चाळीसेक माणसांच्या वर्कशॉपमध्ये मी ऑफिस सांभाळायला लागले, तेव्हा माझी पहिली जाहिरात अशी होती. सगळीकडे अशाच दिसतात, म्हणून मीही तशीच लिहिली. फोन भरपूर आले आणि जवळजवळ प्रत्येकाने तेच विचारलं. पगार किती? हातात किती? कंपनी नेमकी कुठे? पाळी कोणती? मशीन कोणतं? रात्रपाळी आहे का? सुट्टी गुरुवारचीच ना? दोन दिवस तीच उत्तरं देऊन घसा बसला. ज्यांना मुलाखतीला बोलावलं, त्यातले बरेच आले नाहीत, आणि आलेल्यांपैकी निम्म्यांनी पगार ऐकून हात जोडले.

एका मुलाने जाताना सांगितलं, "मॅडम, आधी सांगितलं असतं तर खाडा वाचला असता." तो दुसरीकडे कामाला होता, आमच्याकडे यायला त्याने एक दिवसाचा रोज बुडवला होता. तेव्हा मला कळलं की जाहिरात वाचणारा माणूस मोबाइलवर ती वाचता वाचता एक हिशोब करत असतो: ह्या जागेसाठी एक खाडा करावा का? त्याला तो हिशोब करता येईल एवढी माहिती जाहिरातीत हवी.

हा लेख माझ्यासारख्या लोकांसाठी आहे. लहान वर्कशॉप, दुकान किंवा ऑफिस असणारे, भरतीसाठी वेगळा माणूस नसणारे आणि पहिल्यांदाच ऑनलाइन जाहिरात टाकणारे. उदाहरण सीएनसी ऑपरेटरचं, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन सांभाळणाऱ्याचं घेते, कारण ते मला जवळून माहीत आहे. डेंटल क्लिनिकला रिसेप्शनिस्ट हवी असेल किंवा धान्याच्या पेढीला अकाउंटंट, तरी पायऱ्या ह्याच राहतात.

पहिली पायरी : लिहिण्याआधी शॉपफ्लोअरवर जा

खुर्चीत बसून जाहिरात लिहू नका. ज्या जागेसाठी माणूस हवा आहे तिथे जा आणि सुपरवायझरला किंवा आता ते काम करणाऱ्याला विचारा, "हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो?"

आमच्याकडे "ऑपरेटर हवा" एवढाच निरोप आला होता. मशीनजवळ गेल्यावर कळलं, की तीन वेगळी कामं लोक एकाच नावाने बोलतात. ऑपरेटर जॉब (मशीनवर करायचा धातूचा तुकडा) लावतो, सायकल सुरू करतो, निघालेला जॉब मोजतो, इन्सर्ट (कापणारी छोटी पात) झिजला की बदलतो आणि ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देतो. सेटर नवीन जॉबसाठी जॉज (जॉब पकडणारे जबडे) आणि टूल बसवतो आणि पहिला पीस पास करून देतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंग बघून प्रोग्रॅम लिहितो. तिघांचे पगार वेगळे, तिघांचा अनुभव वेगळा. "ऑपरेटर" लिहून सेटरचं काम अपेक्षित धरलं की मुलाखतीत दोघांचाही वेळ जातो. लहान वर्कशॉपमध्ये बऱ्याचदा "सेटर कम ऑपरेटर" लागतो. तसा लागत असेल तर तेच लिहा, आणि पगारही त्याच हिशोबाने ठरवा.

आधीचा माणूस का सोडून गेला, हेही ह्याच वेळी विचारा. लांब पडत होतं, पाळी जमत नव्हती की पगार उशिरा व्हायचा? कारण अजून तसंच असेल तर नवीन माणूसही त्याच कारणाने जाईल. जे बदलता येत असेल ते जाहिरातीआधी बदला. जे बदलता येत नाही ते जाहिरातीत सांगून टाका.

दुसरी पायरी : पदाचं नाव

नोकरीच्या साइटवर किंवा ॲपवर लोक शोधतात ते पदाच्या नावाने, म्हणून लोक जे शब्द टाइप करतात तेच नाव द्या. "प्रॉडक्शन असोसिएट" असं भारदस्त नाव दिलं तर "सीएनसी ऑपरेटर" शोधणाऱ्याला तुमची जाहिरात दिसणारच नाही. साइटवर पदाचं नाव रोमन लिपीत टाका, कारण शोध बहुतेक त्याच लिपीत होतो. खालचा मजकूर मराठीत ठेवायला हरकत नाही. आमच्या भागात बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीरही खूप आहेत, म्हणून व्हॉट्सॲपसाठी मी तोच मजकूर हिंदीतही करून ठेवते.

नावाला एक नेमका शब्द जोडता आला तर जोडा. "सीएनसी ऑपरेटर" पेक्षा "सीएनसी टर्निंग ऑपरेटर" बरं. टर्निंग म्हणजे जॉब फिरवून कापणं, त्यामुळे व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) काम केलेला मुलगा लगेच ओळखतो की हे आपलं नाही. "अकाउंटंट" पेक्षा "अकाउंटंट, टॅली आणि जीएसटी" बरं. नावाच्या ओळीत "अर्जंट", चांदण्या, उद्गारचिन्हं किंवा पगार कोंबू नका. तुमची स्वतःची वेबसाइट असेल आणि जाहिरात गूगलच्या नोकरी-शोधात यावी असं वाटत असेल, तर गूगलच्या सूचनाही हेच सांगतात: नावाच्या जागी फक्त पदाचं नाव.

तिसरी पायरी : पगार लिहा, आणि हातात येणारा लिहा

ह्या पायरीवर सगळ्यात जास्त मालक अडतात. त्यांची कारणं मी ऐकली आहेत. शेजारच्या वर्कशॉपला कळेल. आपल्या जुन्या माणसांना कळेल. कमी पगारात येणारा असेल तर उगाच जास्त कशाला सांगायचा?

शेजाऱ्याला तसाही कळतो, चहाच्या टपरीवर सगळ्यांचे पगार माहीत असतात. जुन्या माणसांचं कारण मात्र खरं आहे आणि त्याचा विचार करायलाच हवा. नवीन माणसाला जुन्यापेक्षा जास्त देणार असाल तर दोष जाहिरातीत नाही, पगारपत्रकात आहे, आणि तो जाहिरातीआधी दुरुस्त झाला तर बरं. तिसऱ्या कारणाबद्दल एवढंच सांगते की कमी पगारात आलेला माणूस कुठे जास्त मिळतंय हे कळलं की पुढच्या महिन्यात जातो, आणि तुम्ही पुन्हा जाहिरात लिहायला बसता.

आता आकडा कसा लिहायचा ते बघू. "सीटीसी" (मालकाचा एकूण खर्च), "ग्रॉस" (कपातीआधीचा पगार) आणि "इनहँड" (हातात येणारा) हे तीन वेगळे आकडे आहेत. उमेदवाराला खोलीचं भाडं, मेस आणि गावी पाठवायचे पैसे ह्यांचा हिशोब शेवटच्या आकड्यावर करायचा असतो. आमच्या एका जागेचं गणित मांडते.

एकूण पगार महिना २०,००० रुपये. त्यातले बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. पीएफ त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू असतं आणि कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १५० रुपये. व्यवसाय कर, ज्याला सगळे पीटी म्हणतात, महाराष्ट्रात ह्या पगारावर पुरुषांना महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही. म्हणजे पुरुष कामगाराच्या हातात १८,२१० रुपये येतात आणि महिलेच्या हातात १८,४१०.

मालकाच्या बाजूने बघितलं तर त्याच माणसामागे पीएफचे आणखी १,४४० आणि ईएसआयसीचे ३.२५ टक्के, म्हणजे ६५० रुपये भरावे लागतात. मालकाच्या दृष्टीने खर्च झाला २२,०९०. ही "सीटीसी" जाहिरातीत टाकली आणि पहिल्या महिन्याला खात्यावर १८,२१० जमा झाले, की त्या मुलाला फसवल्यासारखं वाटतं. ३,८८० रुपये गेले कुठे हे त्याला कोणी नीट समजावत नाही. म्हणून जाहिरातीत असं लिहा: "एकूण २०,०००. पीएफ, ईएसआय, पीटी कापून हातात साधारण १८,२००."

पीएफ आणि ईएसआयसी आहे हे मुद्दाम लिहा. साधारणपणे २० माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ आणि १० माणसं असलेल्या आस्थापनेला ईएसआयसी लागू होतं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या आयांना, बायकांना ईएसआयसीच्या दवाखान्याचं मोल चांगलं ठाऊक असतं. घरात एक मोठं आजारपण झालं की हजार-दोन हजार जास्त पगारापेक्षा ते कार्ड उपयोगी पडतं.

ओव्हरटाइम असेल तर तेही लिहा, पण आधी नियम बघा. कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. "सिंगल ओटी", म्हणजे ओव्हरटाइम साध्या दराने, असं लिहिलेल्या जाहिराती मी ग्रुपवर बघते. तिथे मालक आपण कायदा मोडतो हे स्वतःच लिहून देत असतो.

पगार अनुभवावर ठरणार असेल तर कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पट्टा द्या, पण तो खरा द्या. "१२,००० ते ३५,०००" ह्याचा काहीच अर्थ होत नाही. वाचणारा ३५ धरून येतो आणि तुम्ही १२ धरून बसलेले असता. पट्ट्याची दोन टोकं कशावर ठरतात तेही सांगा: "एक वर्ष अनुभव असेल तर २०,०००, स्वतः सेटिंग करत असाल तर २१,०००." पगार कोणत्या तारखेला होतो ते लिहिणारे फार थोडे असतात. "पगार दर महिन्याच्या ७ तारखेला बँकेत" ही ओळ आम्ही टाकायला लागल्यापासून मुलाखतीत मुलं तिचा उल्लेख करतात. जिथे पगार लांबतो तिथून आलेल्या माणसाला ती ओळ काय सांगते, हे त्यालाच विचारा.

चौथी पायरी : जागा, वेळ, सुट्टी

"पुणे" हे ठिकाण होत नाही. हडपसरला राहणाऱ्याला भोसरी म्हणजे रोजचे तीन-चार तास प्रवासात. एमआयडीसीचा ब्लॉक लिहा, जवळची ओळखीची खूण लिहा, बसस्टॉप लिहा, आणि व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा. ओळखीच्या नावांवर विसंबू नका. नाशिक फाट्याच्या मेट्रो स्टेशनचं नाव आधी भोसरी होतं, पण तिथून एमआयडीसीत यायला पुढे बस किंवा रिक्षा लागते. बाहेरगावहून पहिल्यांदा येणारा मुलगा ते जुनं नाव ऐकून तिथे उतरतो आणि चालायला लागतो.

पाळ्यांच्या वेळा घड्याळाने लिहा. "रोटेशनल शिफ्ट" म्हणजे दोन पाळ्या की तीन, हे कळत नाही. "पहिली सकाळी ७ ते ३:३०, दुसरी ३:३० ते रात्री १२, आठवड्याला बदल, रात्रपाळी नाही" हे कळतं. दुसरी पाळी रात्री बाराला सुटत असेल तर त्यानंतर घरी कसं जायचं हा पुढचा प्रश्न येणारच. गाडी सोडत असाल तर कुठपर्यंत ते लिहा. सोडत नसाल तर "स्वतःचं वाहन हवं" हे स्पष्ट लिहा.

सुट्टीचा वार लिहा. आमच्याकडे औद्योगिक भागाची सुट्टी गुरुवारी असते, आणि शाळा-कॉलेजची रविवारी. शाळेत जाणारी मुलं असलेल्या माणसासाठी हा फरक मोठा असतो.

आणखी एक गोष्ट. लातूर, बीड, नांदेडकडून आलेली बरीच मुलं इथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहतात. राहायची सोय असेल तर किती जणांत खोली, भाडं कापणार का, जेवणाचं काय, हे लिहा. सोय नसली तरी "जवळ कॉट बेसिसवर खोल्या मिळतात, शोधायला मदत करू" एवढं लिहिता आलं तरी गावाकडचा मुलगा फोन करायला धजावतो. आणि लिहिलंत तर मदत खरंच करा.

पाचवी पायरी : अटी कमी करा

कागदावर दोन रकाने आखा. एका बाजूला पहिल्या दिवशी आलंच पाहिजे ते, दुसऱ्या बाजूला महिन्याभरात शिकवता येईल ते. जाहिरातीत अट म्हणून फक्त पहिला रकाना जातो.

आमचा पहिला रकाना शेवटी एवढाच उरला: ड्रॉइंग वाचता येणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजता येणं, टर्निंग मशीनवर किमान एक वर्ष. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलचा (मशीन चालवणाऱ्या संगणकाचा) अनुभव दुसऱ्या रकान्यात गेला, कारण सीमेन्सच्या कंट्रोलवर काम केलेला मुलगा ते काही दिवसांत उचलतो असं सुपरवायझरच म्हणाले. "इंग्रजी उत्तम" हे कुठून आलं होतं ते कोणालाच आठवेना. काढून टाकलं.

शिक्षणाच्या अटीकडेही नीट बघा. टर्नर आणि मशिनिस्ट हे आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, आणि ते करून आलेल्या मुलाचा पाया पक्का असतो. पण सात वर्षं मशीनवर उभं राहून शिकलेला दहावी नापास कारागीरही आमच्याकडे आहे. "आयटीआय बंधनकारक" लिहिलं असतं तर तो कधी आलाच नसता. "आयटीआय किंवा दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव" असं लिहिलं की दोघांनाही दार उघडं राहतं.

"फक्त पुरुष", "फक्त अविवाहित मुली", "दिसायला स्मार्ट" ह्या ओळी जाहिरातीत अजून सर्रास दिसतात. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. जिथे कायद्यानेच महिलांच्या कामावर निर्बंध आहे तेवढाच अपवाद. कायदा बाजूला ठेवला तरी मला ह्या ओळी सहन होत नाहीत. आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलेली मुलगी अशा दहा जाहिराती वाचून शेवटी शिवणकामाला लागते, आणि आपण म्हणत राहतो की कुशल माणसं मिळत नाहीत. अपंग व्यक्तीला जमण्यासारखं काम असेल तर तेही लिहा. तपासणीच्या टेबलावरचं काम बसून करता येतं, पण ते जाहिरातीत नसेल तर कोणाला कळणार?

वजन उचलावं लागत असेल, कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) त्रास होत असेल, आठ तास उभं राहावं लागत असेल तर लपवू नका. "जॉबचं वजन ८ किलोपर्यंत, उभं राहून काम" हे वाचून ज्याला जमणार नाही तो स्वतःच थांबतो.

सहावी पायरी : तुम्ही कोण, हे सांगा

ऑनलाइन नोकरीच्या नावाने पैसे उकळणारे इतके आहेत की चांगल्या जाहिरातीकडेही माणूस संशयाने बघतो. "रजिस्ट्रेशनचे ५०० भरा", "ड्रेसचे २,००० भरा" असले अनुभव घेऊन तो तुमच्यापर्यंत येतो. "नामांकित कंपनी" हे शब्द वाचून त्याला तेच आठवतं.

म्हणून कंपनीचं खरं नाव, पूर्ण पत्ता आणि काय बनवता ते दोन-तीन ओळींत लिहा. "ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवतो, ४० माणसं, ९ सीएनसी मशीन" हे "वेगाने वाढणारी, ग्राहकाभिमुख संस्था" पेक्षा खूप जास्त सांगतं. शॉपफ्लोअरचा एक खरा फोटो टाका. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो टाकू नका, कारण माणूस गेटवर आला की फरक त्याला दिसतोच. आणि ही ओळ वेगळी, ठळक लिहा: "मुलाखतीसाठी किंवा नोकरीसाठी कोणतेही पैसे घेतले जात नाहीत. कोणी मागितले तर ह्या नंबरवर कळवा."

सातवी पायरी : अर्ज कसा करायचा

मार्ग एकच द्या. ईमेल, फोन, फॉर्म, प्रत्यक्ष भेट असे चार दिले की अर्ज चार ठिकाणी विखुरतात आणि दोन हरवतात. मशीनवरच्या कामाला व्हॉट्सॲप बरा, अकाउंटंट किंवा इंजिनिअरसाठी ईमेल.

पाठवायला थोडंच सांगा: नाव, राहण्याचं ठिकाण, कोणत्या मशीनवर किती वर्षं, सध्याचा पगार सांगायचा असेल तर. बायोडाटा नसेल तरी चालेल, असं लिहा. ज्याने कधी बायोडाटा केला नाही असा उत्तम कारागीर सायबर कॅफेत पन्नास रुपये देऊन दुसऱ्याचा छापलेला नमुना आणतो, आणि त्यातून तुम्हाला काहीच कळत नाही. आवाजी संदेश चालत असेल तर तेही सांगा.

आधार, पॅन, बँक पासबुक पहिल्याच टप्प्यात मागू नका. ते रुजू होताना लागतं. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आला आहे, आणि त्यामागचा विचार साधा आहे: गरजेपुरतीच माहिती घ्या. आधारचे शंभर फोटो मोबाइलमध्ये पडून राहिले तर तो तुमच्याच डोक्याला ताप.

फोन कोण घेणार त्याचं पद आणि फोनची वेळ लिहा. पाळी साडेतीनला सुटते, म्हणून आम्ही चार ते सहा दिली. सकाळी अकराला मशीनवर उभा असलेला माणूस फोन करू शकत नाही, आणि त्याला तुमच्यापर्यंत पोचवायचंच तर त्याच्या वेळेने जायला हवं.

आणि तारीख! जाहिरात टाकल्याची तारीख आणि अर्जाची शेवटची तारीख. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीला मरण नसतं. आमच्या एका बिनतारखेच्या जाहिरातीवर दीड वर्षांनी फोन आला. माणूस परभणीहून निघायच्या बेतात होता. त्याने निघण्याआधी फोन केला म्हणून वाचला.

सगळं मिळून जाहिरात अशी होते

सीएनसी टर्निंग ऑपरेटर, २ जागा
(कंपनीचं नाव), जे ब्लॉक, भोसरी एमआयडीसी, पुणे
जाहिरातीची तारीख : ...... शेवटची तारीख : ......

पगार : अनुभवानुसार एकूण २०,००० ते २१,०००. पीएफ, ईएसआय, पीटी कापून हातात साधारण १८,२०० ते १९,१००. दर महिन्याच्या ७ तारखेला बँकेत. ओव्हरटाइम दुप्पट दराने.
वेळ : पहिली पाळी ७ ते ३:३०, दुसरी ३:३० ते १२, आठवड्याला बदल. रात्रपाळी नाही. सुट्टी गुरुवार. दुसरी पाळी सुटल्यावर भोसरी आणि इंद्रायणीनगरपर्यंत गाडी.
काम : ट्रॅक्टरचे शाफ्ट टर्निंग मशीनवर करणं, प्रत्येक जॉब मोजून नोंद ठेवणं, इन्सर्ट बदलणं, ऑफसेट देणं. जॉबचं वजन ८ किलोपर्यंत. उभं राहून काम.
हवं : ड्रॉइंग वाचता येणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरता येणं. आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट असल्यास टर्निंगचा १ वर्ष अनुभव, आयटीआय नसल्यास २ वर्षं. सेटिंग आम्ही शिकवू. महिला आणि पुरुष दोघांनीही अर्ज करावा.
अर्ज : (नंबर) वर व्हॉट्सॲप करा. नाव, राहण्याचं ठिकाण, कोणत्या मशीनवर किती वर्षं काम केलं, एवढं लिहा किंवा बोलून पाठवा. बायोडाटा नसला तरी चालेल. फोन फक्त ४ ते ६. तीन दिवसांत उत्तर देऊ.
कोणतेही पैसे घेतले जात नाहीत.

हे टाकण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर स्वतःलाच पाठवून बघा. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर मध्येच तुटतो आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं, म्हणून पद, ठिकाण आणि पगार पहिल्या काही ओळींत यायला हवेत. मजकुराचं चित्र करून टाकायची सवय अनेकांना आहे. चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही आणि साइटवरच्या शोधात चित्रातले शब्द सापडत नाहीत. चित्र हवंच असेल तर सोबत मजकूरही टाका. मग कामगारांपैकी एकाला वाचायला द्या आणि विचारा, "ह्यात खोटं काही आहे का?" आमच्याकडे एकाने "वेळेवर चहा" ही ओळ काढायला लावली होती.

आठवी पायरी : कुठे टाकायची

मशीन, दुकान, डिलिव्हरी, रिसेप्शन अशा कामांना अपना आणि वर्कइंडियासारखी ॲप उपयोगी पडतात. अकाउंट्स, इंजिनिअर, सेल्स ह्यांच्यासाठी नोकरी डॉट कॉम, इनडीड, लिंक्डइन. पैसे भरून जाहिरात करण्याआधी दोन सरकारी पोर्टल वापरून बघा: राज्याचं महास्वयम आणि केंद्राचं २०१५ मध्ये सुरू झालेलं नॅशनल करिअर सर्व्हिस. दोन्हीकडे मालकाला नोंदणी मोफत आहे, आणि राज्याच्या रोजगार मेळाव्यांची माहितीही महास्वयमवर मिळते.

माझा सगळ्यात चांगला अनुभव मात्र आयटीआयचा आहे. औंधचं शासकीय आयटीआय किंवा मोरवाडीचं महापालिकेचं आयटीआय, तुमच्या गावात जे असेल ते. तिथल्या प्लेसमेंट बघणाऱ्या निदेशकांना भेटा, मजकूर त्यांना पाठवा. ते तो त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकतात, आणि सरांनी पाठवलेल्या जाहिरातीवर मुलांचा विश्वास असतो. तसंच, आपल्याच कामगारांना मजकूर पुढे पाठवायला सांगा. तो त्यांना अभिमानाने पाठवता यावा असा असेल तरच ते पाठवतात.

जाहिरात टाकल्यानंतर

एक वही ठेवा किंवा एक्सेलची साधी शीट: कोणाचा अर्ज, कुठून कळलं, आला की नाही, न आल्यास का. महिन्याभरात दिसतं की कुठल्या ॲपवरून नुसते फोन येतात आणि कुठून माणसं येतात. फोनवर कोणी नवीन प्रश्न विचारला तर तोही लिहा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचं उत्तर जाहिरातीत जायला हवं. आमच्या जाहिरातीत गाडी कुठपर्यंत जाते हे असंच आलं.

फोन खूप येतात पण माणसं येत नाहीत, असं झालं तर बहुतेक वेळा पगार किंवा ठिकाण अस्पष्ट असतं. फोनच येत नसतील तर पदाचं नाव आणि अटी पुन्हा बघा. माणसं येतात पण जमत नाहीत, तर पहिल्या पायरीवर परत जा. काम काय आहे हे तुम्हालाच नीट कळलेलं नाही.

"तीन दिवसांत उत्तर देऊ" लिहिलं असेल तर द्या. "ह्या वेळी जमलं नाही, तुमचा नंबर ठेवते, पुढच्या जागेला कळवते" एवढा संदेश पाठवायला अर्धा मिनिट लागतो. नाही म्हटलेल्या मुलांपैकी दोघांना मी सहा महिन्यांनी फोन केला आणि दोघेही आले. आज ते दुसऱ्या पाळीत सेटिंग शिकतायत.

जागा भरली की त्याच दिवशी प्रत्येक साइटवर जाऊन जाहिरात बंद करा आणि ज्या ग्रुपवर टाकली होती तिथे "जागा भरल्या" असं लिहा. मी त्यासाठी वहीच्या पहिल्या पानावर यादी करून ठेवली आहे, कुठे कुठे टाकली त्याची. बंद केली की एक-एक खूण करायची.